नोव्हेंबरात वर आलेलं पाणी

आमची सोसायटी उत्तरेत, मानेसरच्या अलीकडे, एका जुन्या दगडखाणीच्या काठावर आहे. खाणीत साठलेल्या पाण्याला बिल्डरने ‘लेक’ म्हटलं आणि त्या नावावर फ्लॅट विकले. आई गेल्यावर बाबा माझ्याकडे राहायला आले आणि त्यांचा जीव जडला तो या तळ्यातल्या माशांवर. रोज सकाळी दाढी करून, कणकेच्या गोळ्या घेऊन खाली जायचे. एरवी दिवसभर खुर्चीतून उठायचे नाहीत.

सरकारी नोकरीत त्यांनी जन्मभर धरणांचं पाणी तपासलं होतं. सोसायटीच्या मराठी मंडळाने गणपतीचं विसर्जन तळ्यातच करायचं ठरवलं, तेव्हा बाबा मीटिंगमध्ये उभे राहिले.

“शाडूच्या मूर्ती चालतील, निर्माल्य नको. उन्हाने तापलेलं वरचं पाणी खालच्या गार पाण्यावर झाकणासारखं बसलंय. खाली हवा पोचत नाही. निर्माल्य तिथे कुजेल. थंडीत वरचं पाणी गार होऊन खाली उतरलं, की ते सडकं पाणी वर येईल. चारी बाजूंनी जमीन असलेल्या समुद्रांतही ऋतू बदलला की पाणी असंच खालीवर होतं. मासे मरतील.”

“काका, चिल,” मंडळाचा सेक्रेटरी म्हणाला. “फुलंच तर आहेत यार, बिल्कुल नॅचरल!”

पालथ्या घड्यावर पाणी. पोतीच्या पोती निर्माल्य तळाशी गेलं. ऑक्टोबरभर वरून तळं इतकं स्वच्छ दिसायचं, की सेक्रेटरी त्याचे फोटो ग्रुपवर टाकायचा. मला ते बघून संताप यायचा.

नोव्हेंबरात एकदम थंडी पडली. एका सकाळी सडक्या अंड्यांचा वास बाल्कनीपर्यंत आला. बाबा आधीच खाली गेले होते. मी धावले. काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागली होती आणि बाबा हातात कणीक धरून नुसते उभे होते.

त्याच संध्याकाळी अख्ख्या सोसायटीची मीटिंग झाली. सगळ्यांना कळावं म्हणून सेक्रेटरी हिंदीत बोलला, “अंकलजी रोज आटा डालते थे, उसी से पानी सड़ा है।”

चोराच्या उलट्या बोंबा! मी ताडकन उठून भांडायला लागले. बाबांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. “हो सकता है,” ते म्हणाले.

लिफ्टमध्ये मी भडकलेच. “बाबा, तुम्हीच तर सांगितलं होतं सगळ्यांना! मग हो कशाला म्हणालात?”

त्यांनी आमच्या मजल्याचं बटण दाबलं. मग म्हणाले, “खरं सांग, कणकेमुळे नसेल ना गं झालं?”

मी नाही म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.