उलटी कोयरी

डागी मालाच्या ढिगातली साडी मी चांगली समजून घरी नेली. आणि माझी नोकरी काय, तर सुरतेच्या छपाईच्या मिलमध्ये साड्यांतले डाग शोधायची! भूतबित मी कधी मानलं नाही... आता मात्र विचारू नका.

ती साडी बायको, सुनंदा, चलथाणला भावाच्या साखरपुड्यात नेसली. त्याची आधीची सोयरीक मोडलेली. म्हणून तिनं मला बजावलं होतं – मुलीवाल्यांसमोर गुपचूप जेवायचं, बास.

वरणबट्टीची पंगत बसली. सुनंदा तूप वाढायला वाकली आणि माझी नजर तिच्या निऱ्यांवर अडकली. सगळ्या कोयऱ्यांची शेपटं डावीकडे, एकीचंच उजवीकडे. चेकरचा डोळा मेला असाच – एक उलटी दिसली की बाकीच्या दिसतच नाहीत. मान वळवून वांग्याच्या भाजीकडे बघितलं, तर फोडीतही तोच आकार. फुगलेलं पोट, वळलेलं शेपूट.

"काय देखी ऱ्हायनात?" सुनंदा पुटपुटली.

पुन्हा वर बघितलं. कोयरी वीतभर वर सरकली होती. रक्त प्यालेल्या जळूसारखी तट्ट, धपापत होती... आणि पुढे सुनंदाची उघडी कमर.

मी ती चिमटीत धरली. फुटली. कोमट, बुळबुळीत काहीतरी बोटांवर आलं – उसाच्या मळीत उंदीर कुजावा तसला वास. मी पत्रावळीतच ओकलो.

लोकांना काय दिसलं? जावयानं भर पंगतीत बायकोच्या कमरेला चिमटा काढला आणि वरणात ओकला. मुलीच्या बापानं हातातली बट्टी खाली ठेवली. मेहुणा पांढराफटक. शेवटी मुलीची आजीच नाकाला पदर लावून म्हणाली, "आजून बायकोले चिमटा काढस. घर चांगलं शे."

सोयरीक वाचली.

घरी येऊन साडी पसरली. त्या जागी कोयरीच्या आकाराचा कोरा पांढरा तुकडा. सूत शाबूत, रंग तेवढा गायब. मिलच्या रंगमास्तरांना दाखवला, तर म्हणाले, असा रंग उडत नसतो. नखातला वास साबणानं जाईना; कितीतरी दिवस डाव्या हातात चमचा धरून जेवलो. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही.

सुनंदाला सगळं सांगितलं.

"लगीनमा डोयाले पट्टी बांधा," ती म्हणाली. "आन् हात खिशामा ठेवा."