शुगर लँडमधला तुवालूचा खड्डा

तुवालू या देशाबद्दल आमच्या शेजारचे काका जेवढं बोलतात, तेवढं खुद्द तुवालूतही कोणी बोलत नसेल. काका निवृत्त सर्व्हे इंजिनिअर. तरुणपणी भरतीची उंची मोजायच्या कामावर पॅसिफिकमधल्या त्या चिमुकल्या बेटांवर चार महिने राहिले आणि मनाने काही परत आले नाहीत. मी टेक्सासमधल्या शुगर लँडमध्ये घर घेतलं तेव्हा अभिनंदन राहिलं बाजूला, म्हणाले, "दोन मजले? त्यांच्या अख्ख्या कंट्रीत एवढं उंच टेकाड नाही." हायवेच्या लांबीबद्दल कोणी कुरकुरलं की सांगतात, तिथे बेट इतकं अरुंद की रस्त्यात उभं राहिलं तर दोन्हीकडे पाणी दिसतं. आणि विमान येणार नसेल तेव्हा धावपट्टीवर पोरं फुटबॉल खेळतात. तिथे नदी नाही, सगळी भिस्त पावसाच्या टाक्यांवर. त्यामुळे नळ सोडून दात घासणाऱ्या एका पाहुण्याला त्यांनी अर्धा तास फैलावर घेतलं होतं. तो पाहुणा म्हणजे त्यांचे व्याही.

पण या वेडाचं मूळ एका थापेत होतं. तिथले लोक गोडं पाणी लागेपर्यंत खड्डा खणतात आणि त्यात आपल्या अळूचाच एक धिप्पाड भाऊबंद कंदासाठी लावतात. ज्याचा खड्डा चांगला, त्याचं घर चांगलं. काका ज्या आजीबाईंकडे जेवत, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझा खड्डा केवढा आहे?" नाही म्हणायची काकांना लाज वाटली. "आहे, मोठा आहे," म्हणाले. ही थाप त्यांना चाळीस वर्षं टोचत होती. रिटायर होताच त्यांनी मागच्या अंगणात खड्डा खणला. काकू सांगायच्या, "लोक बॅकयार्डात स्विमिंग पूल करतात, ह्यांनी अळूसाठी विहीर केली." वड्या मात्र त्या अशा करायच्या की निम्मी वसाहत त्या खड्ड्यावर पोसली गेली, मी तर सगळ्यात जास्त. दर रविवारी त्या आजीबाईंची मुलगी, जी आता स्वतःच आजी झाली आहे, व्हिडिओ कॉल करायची. समुद्राचं पाणी जमिनीतून वर येऊन तिचा खड्डा खारट झाला होता, कंद कुजले होते. काका फोन घेऊन आपल्या खड्ड्यात उतरायचे. ती बराच वेळ बघायची आणि म्हणायची, "तुझा तरी आहे."

मग वसाहतीच्या कमिटीने खड्डा धोकादायक ठरवला. मीही त्या कमिटीवर होतो. मीटिंगमध्ये भांडलो, पण माझं मत एकटं पडलं आणि नोटीसही मलाच न्यावी लागली. मला फार अपराधी वाटत होतं. काकांनी ती दोनदा वाचली. "सेफ्टी इश्यू आहेच रे. एखादं पोर पडेल," म्हणाले आणि दुसरं फावडं माझ्या हातात दिलं. शनिवारी आम्ही दोघांनी खड्डा बुजवला. अळू कुंड्यांत गेलं.

रविवारी फोन आला. तिने नेहमीसारखं विचारलं, "खड्डा कसा आहे?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्यात मोठी कुंडी उचलली आणि पानांशिवाय काहीच दिसू नये इतकी फोनच्या जवळ धरली.

"आहे," काका म्हणाले. "मोठा आहे."

"सांभाळ," ती म्हणाली, आणि बघत राहिली. माझे हात भरून आले, पण तिचं बघून होईपर्यंत मी कुंडी खाली ठेवली नाही.