ग्रुपमधून काढलेली आई

आमच्या पनवेलच्या शाळेत मोबाइलवर पालकांचे ग्रुप सुरू झाले आणि हेडमास्तर जमिनीवर चालेनात. गृहपाठ ग्रुपवर, सूचना ग्रुपवर, मुलांचे वाढदिवससुद्धा ग्रुपवर. "बाई, वहीत सूचना लिहून देणं बंद करा आता. आपली शाळा पुढे गेली," असं मला ऐकवायचे. गेली ना पुढे. कोणाला मागे टाकून गेली, ते मला विचारा.

सातवीत कोळीवाड्यातली एक मुलगी होती. आवाज असा खणखणीत, की प्रार्थनेला माईक लावायची गरज नाही. मी मराठी शिकवायची. उरणला शाळाशाळांची वक्तृत्व स्पर्धा होती, तिच्यासाठी मी हिलाच निवडली. विषय नेहमीचाच, 'मोबाइल : शाप की वरदान'. पोरगी वरदानाच्या बाजूनं बोलणार होती. मधल्या सुट्टीत डबा अर्धा टाकून माझ्यापुढे उभी राहायची, "बाई, परत एकदा म्हणू?" तिच्या घरातलं कोणी आजवर स्टेजवर चढलं नव्हतं, आणि तिला चढायचं होतं.

तिची आई बाजारात मासळी विकायची. हात सदा ओले, त्यात टाईप करणं जमत नसे. मग ती करंगळीनं बटण दाबून ग्रुपवर बोलूनच निरोप टाकायची. "बाई, पोरीचा अभ्यास झाला. उद्या चित्रकलेचा सामान आनायचा हाय का? नाय गं बाय, परवरत नाय, जा पुढं!" हे शेवटचं गिऱ्हाइकाला. वर्गशिक्षिका स्टाफरूममध्ये तिच्या फोनवर हे लावायची, मला तर ऐकायला मजा यायची. पण बाकीचे पालक खाली हसरी तोंडं टाकायला लागले. एकीनं लिहिलं, 'घरात वास येतो हो!' त्याच्याखाली आणखी हसरी तोंडं. या शिकल्यासवरल्या लोकांना कोणी काही बोललं नाही. आणि एके दिवशी हेडमास्तरांनी कोणाला काढलं? तर त्या आईला.

मी तडक ऑफिसात गेले. "साहेब, तिचा गुन्हा काय?"

"बाई, ग्रुपचा मासळीबाजार करून ठेवला होता तिनं. शिस्त नको का? आणि तुम्ही काळजी करू नका, मुलीला सगळं तोंडी सांगत जाऊ."

तोंडी! सांगणारं तोंड कुणाचं, तर यांचं.

स्पर्धेच्या दिवशी गाडी नऊला सुटायची होती. आदल्या संध्याकाळी साहेबांनी ग्रुपवर टाकलं, 'गाडी साडेसातला निघेल.' मी त्या वर्गाच्या ग्रुपवर नव्हते आणि स्पर्धेला साहेब स्वतःच मुलांना घेऊन जाणार होते. मी आपल्या वेळेला शाळेत पोचले तर फाटकापाशी ही उभी. दोन वेण्या, नव्या रिबिनी, कडक इस्त्रीचा गणवेश. "बाई, गाडी अजून कशी आली नाही?"

शिपायानं सांगितलं, गाडी कधीच गेली. मी साहेबांना फोन लावला. "अहो, ग्रुपवर टाकलं होतं की! सगळ्यांनी वाचलंय, निळ्या टिका आल्यात." मेल्याला लाज कशी वाटली नाही! ज्या आईला स्वतःच्या हातानं काढलं, तिची टीक कुठून येणार होती?

तासबीस गेला खड्ड्यात म्हटलं आणि तिला स्कूटरवर मागे घेतली. रस्ताभर ती माझ्या कानाशी भाषण म्हणत होती. जासईला कंटेनरच्या ट्रेलरांची रांग लागलेली, दोन तास पुढे मुंगी सरकेना. मी हॉर्न वाजवून वाजवून थकले, ड्रायव्हरांशी भांडले. तेवढ्यात तिचं भाषण संपलं, आणि तिनं पहिल्यापासून परत सुरू केलं.

उरणला पोचलो तेव्हा हॉलमध्ये बक्षिसं वाटणं चाललं होतं. तिचं नाव पुकारून, गैरहजर लिहून, पुढे गेले होते. मी परीक्षकांचे हात धरले, पण नियम म्हणजे नियम. परत निघताना पोरीनं दोन्ही रिबिनी सोडून खिशात कोंबल्या. तिला घरी सोडून आले तोवर साहेबांनी ग्रुपवर बाकीच्या मुलांचा फोटो टाकलाही होता, आणि खाली पालकांचे अंगठे.

संध्याकाळी आईचा निरोप आला, माझ्या फोनवर, नेहमीसारखा बोलून. मागे बाजाराचा गलका नव्हता. "बाई, तुमी माज्या पोरीला नेलात, लय उपकार. ती जेवत नाय, बोलत नाय. मना खरा सांगा, माजा बोलना येवरा वाईट हाय काय, का माज्यापायी पोरीला बोलू दिला नाय?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्या दिवशी मी फोन साहेबांच्या टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि तो निरोप लावला. दोनचार शब्द होतात न होतात तोच त्यांनी हातानं थांबवलं.

"बाई, हे ऐकत कोण बसणार? त्यांना म्हणावं, काय तक्रार असेल ती टाईप करून ग्रुपवर टाका."