नवमीची सवाष्ण

लीलाकाकू, ऐका. तुमचीच गोष्ट तुम्हाला सांगते. चुकलं तर टोका. तुम्ही गेलात, आता टोकणार कुठून, म्हणा.

झाशीत बड्या बाजारामागे एक लीलाबाई राहायच्या. भाद्रपदात अविधवा नवमी जवळ आली की त्यांना घोर लागायचा. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची. ती बाई म्हणजे त्यांच्या सासऱ्यांची आजी, राधाबाई. सत्तावनच्या गदरात इंग्रज शहरात शिरले तेव्हा तिचा नवरा, बापूराव, दतिया गेटातून बाहेर पडला तो परतलाच नाही. आहे की गेला, काही कळलं नाही. राधाबाई म्हातारी होईतो कुंकू लावत राहिली आणि कुंकवानिशीच गेली.

पण सवाष्ण आणायची कुठून? मराठी घरं विरळ झालेली. होती त्यांतल्या सुना म्हणायच्या, "काकीजी, श्राद्ध का खाना? हमसे नहीं होगा." एकदा लीलाबाई थेट छावणीत पायपीट करून एका कॅप्टनची बायको घेऊन आल्या. दोन घास खाऊन ती म्हणाली, "पुरण फार गोड झालंय हो!"

गुडघे कुरकुरायला लागले तशा लीलाबाई पुतणीला म्हणाल्या, "प्रमोदिनी, दमले गं मी." ही प्रमोदिनी कॉलेजात शिकवणारी, फटकळ, म्हणजे मीच.

लीलाबाई पुढे म्हणाल्या, "बापूरावांनी दतियात दुसरा संसार मांडला म्हणतात. त्यांच्या आडनावाचं घर आहे तिथे अजून. विचारून येऊ, आधी कोण गेलं. ते आधी गेले असले तर ती विधवा. मग नवमी नको, सवाष्ण नको. सर्वपित्रीला पान वाढलं की सुटले मी."

"मग चला की! दतिया काय विलायत आहे?"

ठरल्या दिवशी प्रमोदिनी रिक्षा घेऊन दारात हजर. लीलाबाई ठेवणीतली साडी नेसून उंबऱ्यात बसलेल्या.

"काकू, गाडी चुकेल."

"चुकू दे. अगं, ते खरंच आधी गेलेले निघाले तर? जन्मभर लावलेलं त्या बाईचं कुंकू आता मी पुसायचं?"

"शंभर वर्षं होऊन गेली! तिला काय कळतंय?"

"मला कळेल ना. रिक्षा परत पाठव."

त्या भाद्रपदातही लीलाबाई लंगडत सवाष्ण शोधत फिरल्या. दतियाचं विचारलं की म्हणायच्या, थंडी सरू दे; मग म्हणायच्या, गुडघ्याची सूज उतरू दे. प्रमोदिनी चिडायची, पुन्हा विचारायची. दतिया तासाभराच्या वाटेवर. जाणं काही झालं नाही.