राजवाडा, धपाटे आणि मी

मैत्रिणींनो, आज व्हिएन्नात राजवाडा बघितला. म्हणजे, त्याचा दरवाजा बघितला.

खाण्याची पिशवी आत नेऊ देत नव्हते. आमच्या पिशवीत लातूरहून आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी, कारण आमच्या ह्यांना बाहेरचं चालत नाही. पिशव्या ठेवायला तिथं काउंटर होतं, पण परक्याच्या हातात डबे द्यायचा ह्यांना भरवसा वाटेना. भाऊजी लगेच म्हणाले, "वहिनी, तुमचे गुडघे दुखतेत. तुम्ही बसा निवांत."

लातुरात दिवसभर जिना चढते-उतरते, तेव्हा हे गुडघे कुणाला आठवत नाहीत. कालच्या चर्चबाहेरही पिशवी धरून मीच बसले होते.

सगळे बाहेर आले तशी मी उठले. म्हटलं, "आता मी जाऊन येते."

हे डबा उघडत म्हणाले, "आता काय बघतीस? समदं सारखंच हाय. फोटो काढलेत, हॉटेलात दाखवतो की."

जाऊबाईंनी धपाट्यासाठी हात पुढं केला होता. मी वाढायला बसले.

जेवता जेवता भाऊजींनी स्टेटस ठेवलं, 'आम्ही सगळे राजवाड्यात!' ते बघून निलंग्याहून माझ्या मायचा फोन आला.

"बाई, तू दिसंना गं फोटोत?"

"माय, फोटो मीच काढला की."

"हाव का! बरं झालं. डोळे भरून बघून घे बाई, आमच्या नशिबात कुठलं आलंय?"

मैत्रिणींनो, खरं सांगा. तुम्ही माहेरी काय सांगता?