आप्पांचा डावा हात

राळ वितळू लागली की आधी वास येतो, मग धूर. त्या सकाळी या दोन्हींखेरीज आणखी एक वास आला म्हणून मी स्वयंपाकघरातून पडवीत आले. आप्पा, म्हणजे माझे वडील, शेगडीपुढे बसून व्हायोलिनच्या गजाला लावायची राळ पितळेच्या वाटीत वितळवत होते. उजव्या हातातल्या काडीने ते ढवळत होते आणि डाव्या हाताने वाटी फडक्यात धरली होती. करंगळी मात्र फडक्याबाहेर राहिली होती आणि तापलेल्या पितळेला सरळ टेकली होती. तिची कातडी पांढरी होऊन फुगत चालली होती. आप्पा माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणत होते, "हैदराबादला निघायच्या आत दोन खडे तरी व्हायला पायजेत."

मी किंचाळले. त्यांनी हात उचलला तो माझ्या किंचाळण्यामुळे, भाजल्यामुळे नव्हे. हा फरक मला त्याच क्षणी दिसला आणि त्यानंतर मला दुसरे काही दिसेना.

माय लोटीभर पाणी घेऊन धावत आली. "एवढा फोड आला, अन् तुमाला लागलं कावून न्हाई?"

"घट्टे हायत ते," आप्पा हसून म्हणाले. "इतक्या वर्षांचा रियाज हाय. फुकट न्हाई आलं."

माय निश्चिंत झाली. आमच्या घरात बोटांचा बधिरपणा ही अभिमानाची गोष्ट होती. अंबाजोगाईला, म्हणजे सरकारी कागदांतल्या मोमिनाबादला, पूर्वी फौजेची छावणी होती. छावणीत साहेबलोकांच्या जेवणाच्या वेळी वाजणारा एक छोटा बँड होता आणि विशीच्या आतले आप्पा त्यात उभे राहून फिडल, म्हणजे हेच व्हायोलिन, वाजवत. छावणी उठली, बँड मोडला, वाद्य मात्र आप्पांकडे राहिले. मग ते एका वृद्ध सारंगिया उस्तादांकडे गेले. तिथे आप्पांनी हनुवटीखालचे वाद्य खाली उतरवले, मांडी घालून बसले, त्याचे टोक उजव्या पावलावर टेकवले आणि पहिल्यापासून सगळे नव्याने शिकले. त्या उस्तादांची एक रीत होती. वर्षातून एकदा ते प्रत्येक शागिर्दाचा डावा हात पुढे मागत आणि बोटांच्या टोकांवर सुई टेकवून दाबत. जो डोळ्याचे पातेही हलवणार नाही तो पुढच्या वर्षी राग शिकायला लायक. आप्पांनी ही रीत पुढे आपल्या शिष्यांसाठीही चालू ठेवली होती. त्यामुळे सुई न कळणारा हात म्हणजे घडलेला हात, हे आम्ही सगळेच गृहीत धरून चाललो होतो. मीसुद्धा.

पण त्या सकाळी मी हैदराबादच्या कॉलेजात शास्त्र विषय घेऊन दोन वर्षे काढून सुटीसाठी आलेली मुलगी होते आणि एक साधा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. घट्टा पडतो तो तार टेकते तिथे. करंगळी भाजली होती मुळाशी, तळहाताच्या कडेला. तिथे तार कधी टेकतच नाही. मग तिथे घट्टा कुठून आला?

"आप्पा, डोळे मिटा," मी म्हणाले. "मी कापसाचा पेळू टेकवीन. कुठे टेकला ते बोट दाखवून सांगायचं."

"ह्ये काय, कॉलेजातला खेळ का?"

"खेळच समजा."

तर्जनीवर त्यांनी बरोबर सांगितले. मधल्या बोटावर, अंगठ्यावर बरोबर. अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बरोबर, करंगळीकडची चूक. करंगळीवर मी तीन वेळा पेळू फिरवला आणि ते डोळे मिटून, हसऱ्या चेहऱ्याने, पुढच्या स्पर्शाची वाट पाहत राहिले.

"टेकव की पोरी. थांबलीस कावून?"

मी थांबले नव्हते. पेळू त्यांच्या हातावरच होता. त्यांनी डोळे उघडले, स्वतःच्या हाताकडे पाहिले आणि त्यांचे हसू जागच्या जागी राहिले, नुसते त्यातले हसणे निघून गेले. मी त्यांची बाही वर सारली. कोपराच्या खाली रुपयाएवढा फिकट चट्टा होता. उन्हाने आला असेल म्हणून माय त्याला दोन वर्षे खोबरेल तेल लावत होती. मी त्यावर पेळू फिरवला. त्यांनी मान हलवली. नाही.

सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी माझ्याहून कमी वेळ घेतला. त्यांनी आप्पांचे कोपर चाचपले आणि माझी बोटे तिथे ठेवून मला दाखवले. हाडाच्या खाचेतली, बोटांना स्पर्श कळवणारी शीर सुतळीसारखी जाड झाली होती. मग त्यांनी महारोग हा शब्द उच्चारला. टेबलावरच्या दौतीकडे पाहत उच्चारला, तरी तो खोलीभर झाला. रोग सुरुवातीचा आहे, कडू कवठीच्या तेलाची इंजेक्शने लगेच सुरू करू, हात पुष्कळ वर्षे टिकेल, असे ते बोलत होते. आप्पांनी एकच विचारले, "पुढचं बोट कोणतं?"

"अनामिका. नंतरचं सांगता येत नाही."

"पहिली दोन?"

"ती या शिरेवर नाहीत."

आप्पांनी सुटकेचा श्वास सोडला. महारोग झाल्याचे कळून पाच मिनिटे झाली नव्हती आणि हा माणूस दोन बोटे वाचली म्हणून समाधान पावत होता. मला त्याचा इतका धक्का बसला की डॉक्टर मला पुढे काय सांगत होते त्यातले निम्मेच मी ऐकले. रोग पसरतो तो दीर्घकाळच्या, जवळच्या सहवासाने, एवढे नक्की ऐकले.

घरी येताना आप्पांनी रस्त्यातच विचारले, "हैदराबादचं काय करायचं?"

आमच्या घराचे सगळे त्या हैदराबादवर लागले होते. आप्पा आयुष्यभर गाणाऱ्यांच्या मागे बसून साथ करत आले होते. व्हायोलिन हे पुढे बसून एकट्याने वाजवायचे वाद्य आहे, हे आमच्या भागात कोणी मानतच नव्हते. आता एका जहागीरदार नवाबांनी आपल्या देवडीवर, म्हणजे वाड्यावर, तिसऱ्या प्रहराची मैफल ठेवली होती, फक्त आप्पांची. वादन पसंत पडले तर देवडीत कायमची जागा, आणि त्या शहरात एकदा अशी जागा मिळाली की पुढची दारे आपोआप उघडत. पसंत नाही पडले तर पुन्हा गाणाऱ्यांच्या मागे.

"जायचं," मी म्हणाले. "पण डावा हात कोणाच्या हातात द्यायचा नाही. शिष्यांचा हात धरायचा नाही, कोणाला आपला धरू द्यायचा नाही. ताटवाटी वेगळी."

डॉक्टर म्हणाले होते दीर्घ सहवास. मी त्याचा अर्थ नुसता स्पर्श असा घेतला. मोजमापात शंका असेल तर मर्यादा कडक बाजूला ठेवावी, असे मला प्रयोगशाळेत शिकवले होते.

"कोनालाच न्हाई?" आप्पांनी विचारले.

"कोणालाच नाही."

त्यांनी मान डोलावली. ज्या माणसाने मला सा म्हणजे काय ते शिकवले, तो माझे असे ऐकतो आहे, याचेही मला त्या वेळी आश्चर्य वाटले. थोडा अभिमानही वाटला, हे लिहिले पाहिजे.

हैदराबादच्या प्रवासात बरोबर आप्पांचे वीस वर्षांपासूनचे जोडीदार, तबला वाजवणारे चाचा होते. त्यांना काही सांगितले नव्हते. परळीपासून गाडीत ते सारखे आप्पांची थट्टा करत होते. "क्या मास्टर, आज पान भी अपने हाथ से नहीं खिलाते? नवाब का बुलावा क्या आया, हमकू भूलच गये!" आप्पा खिडकीबाहेर पाहत हसत होते.

देवडीत बायकांसाठी चिकाचा, बांबूच्या बारीक कामट्यांचा, पडदा होता. मी त्यामागे बसले. आप्पांनी मुलतानी राग लावला. पहिल्या काही सुरांतच पडद्याआडच्या एक वयस्कर बेगम शेजारणीला म्हणाल्या, "बाजा नहीं लगता जी. गला लगता है."

हे मी नवे ऐकत नव्हते. दोन वर्षांपूर्वीपासून लोक आप्पांबद्दल हेच बोलू लागले होते. पूर्वी ते चारही बोटांनी वाजवत आणि बँडची सवय हातातून गेली नाही, सूर तुटक लागतो, अशी तक्रार ऐकू येई. मग त्यांनी पहिल्या दोन बोटांवर सगळी मींड घ्यायला सुरुवात केली. बोट उचलायचेच नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जायचे. व्हायोलिन गाऊ लागले आणि त्यांचे नाव झाले. मी पडद्याच्या फटीतून त्यांचा डावा हात पाहत होते आणि मनात वर्षे जुळवत होते. चट्टा दोन वर्षांपूर्वीचा. मींडही दोन वर्षांपूर्वीची. करंगळी तारेवर नीट पडेनाशी झाली असणार, तिने दगा दिला असणार, आणि आप्पांच्या हाताने आप्पांना न विचारता तिला वगळून रस्ता काढला असणार. ज्या गोष्टीवर सगळी सभा मान डोलवत होती, तिची सुरुवात रोगाने केली होती. शेजारच्या बेगम 'वाह' म्हणाल्या तेव्हा मला उठून बाहेर जावेसे वाटले.

मी गेले नाही. आप्पांनी द्रुत गत संपवली. मग नवाबसाहेब स्वतः उठले. असे ते उठत नसत, हे शेजारणीच्या श्वासावरूनच मला कळले. ते गालिचा ओलांडून आप्पांपाशी आले, वाकले आणि म्हणाले, "मास्टरसाहब, वो हाथ दीजिए."

त्या मैफलींत हा सर्वांत मोठा मान होता. रसिक कलावंताचा हात आपल्या दोन्ही हातांत घेई आणि डोळ्यांना लावी. मी दोन वर्षे त्या शहरात राहून ही रीत ऐकली होती आणि माझी कडक मर्यादा ठरवताना मला तिची आठवणही झाली नव्हती.

आप्पांनी डावा हात मागे घेतला. पाठीमागे नेला आणि तिथेच धरून ठेवला. नवाबसाहेबांचे पुढे आलेले हात तसेच राहिले. त्यांना वाटले असावे की संकोच आहे. ते हसून आणखी वाकले. आप्पा बसल्या जागी मागे सरकले. व्हायोलिन त्यांच्या पावलावरून घसरून गालिच्यावर पडले.

"माफी असावी हुजूर," आप्पा म्हणाले.

नवाबसाहेब सरळ उभे राहिले, शेरवानी नीट केली आणि आत निघून गेले. त्यांच्याभोवती बसणाऱ्या मुसाहिबांपैकी कोणीतरी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "बैंडवाले को अदब कौन सिखाये!" लोक हसले. मी पडद्याआड होते. सांगायचे तर ओरडून सांगावे लागले असते आणि जे सांगायचे होते ते त्या हसण्याहून भयंकर होते.

बाहेर टांग्यापाशी चाचांनी आप्पांना अडवले. "क्या किये मास्टर? कायकू हाथ खींचे? बीस बरस का रियाज मिट्टी में मिला दिये ना!"

टांग्यात बसल्यावर आप्पांनी माझ्याकडे पाहिले. "बरोबर केलं ना पोरी?"

"बरोबर केलंत," मी म्हणाले.

त्या शहरातून त्यांना पुन्हा बोलावणे आले नाही. मगरूर मास्टर हे नाव त्यांच्या आधी गावोगाव पोहोचले. इंजेक्शने त्यांनी न चुकता घेतली आणि रोग अनामिकेपाशी थांबला.

मी वैद्यकीला गेले. दुसऱ्या वर्षी आमच्या प्राध्यापकांनी महारोगाच्या एका रुग्णाचा हात वर्गासमोर आपल्या उघड्या हातात घेतला, उलटासुलटा केला, शीर दाखवली आणि सांगितले की अशा घटकाभराच्या स्पर्शाने काही होत नाही. वर्गात मुले टिपणे घेत होती. माझी लेखणी चालेना. मी बाकाची कड धरून बसून राहिले.

सुटीत घरी गेले आणि आप्पांना सगळे सांगितले. न सांगणे मला शक्य नव्हते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतले.

"म्हंजे नवाबसाहेबांनी धरला असता तरी चाललं असतं."

"हो आप्पा."

"तवा तुला ठाऊक न्हवतं?"

"नव्हतं."

"मंग ठाऊक न्हाई असं कावून न्हाई सांगितलंस?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते.