हवेतला भाता

विंचूरच्या भजनी मंडळात भिमाजीआप्पा पेटी वाजवायचे. त्यांची लेक छाया शेजारी बसून बघता बघता शिकली. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. लग्न होऊन ती एकलहऱ्याच्या वीज कॉलनीत, आमच्या समोरच्या गोरक्षकाकांच्या क्वार्टरमध्ये आली आणि आमची छायाकाकू झाली. पेटी मंडळाची, ती विंचूरलाच राहिली.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात गोरक्षकाकांनी पियानो आणला. देवळालीच्या एका पारशी आजींच्या बंगल्यातलं वायरिंग काका सुट्टीच्या दिवशी बघायचे. आजी मुंबईला लेकीकडे कायमच्या निघाल्या, तेव्हा म्हणाल्या, "तुझी बायको बाजा वाजवते ना? मग हा घेऊन जा." कांद्याच्या टेम्पोतून स्वारी आली. चौघांनी उचलली, बाकी कॉलनीनं सल्ले दिले. पुढं कितीतरी दिवस पट्टी दाबली की आतून कांद्याचं टरफल उडायचं.

बाहेरच्या खोलीत जागा होईना, म्हणून सिंधुबाईंचा दिवाण गॅलरीत गेला. सिंधुबाई म्हणजे काकूंच्या सासूबाई, चांदवडच्या. त्यांनी पियानो पुढून पाहिला, मागून पाहिला.

"भाता कुठं हाय याचा?"

"आई, याला भाता नसतो."

"मंग ह्ये श्वास कुठून घेतं? निस्तं कपाट हाय!" त्यांनी पदर खोचला. "गणपतीपर्यंत बघीन. आरतीला पोरांनी साथ दिली, तर राहू दे. नायतर माझा दिवाण आत आन् ह्ये भंगारात."

काकू तेव्हा हसल्या. दुपारी मात्र माझ्या आईजवळ बसून म्हणाल्या, "वहिनी, आमचे आप्पा गेले तेव्हा ओम पाळण्यात होता. त्यांची पेटी माझ्या पोरांच्या कानावर नीट पडलीच नाही. हातात तरी पडू दे."

शिकवणी सुरू झाली. शुभांगी सहावीत, ओम तिसरीत. काकूंचा उजवा हात पट्ट्यांवरून पळायचा आणि डावा आपोआप हवेत पुढे-मागे, पुढे-मागे. थांबवला की उजवाही अडायचा.

"मम्मी, हा हात काय करतोय?" ओमनं विचारलं.

"भाता मारतोय. तूही मार. त्याशिवाय ठेका कळत नाही."

पोरं मारायला लागली. गोरक्षकाका ड्यूटीवरून आले आणि दारातच थबकले. "अगं, पियानोला दोन्ही हात लागतात!"

"लागत असतील. मला एकाच हाताचं येतं. पोरं दोन आहेत ना? झाले की दोन हात!"

आरतीची चाल पोरांना लवकर आली. तरी काकू सोडेनात. ती एकच चाल या पट्टीवरून, मग शेजारच्या, मग काळीवरून. शुभांगी वैतागली. "येतंय की गं! पुन्हा कशाला?"

"गाणारा तुला विचारून सूर लावतो का? तो जिथून उठेल तिथं आपण जायचं. आप्पा असंच शिकवायचे."

मधली एक पट्टी मुकी होती. ती आली की ओमनं तोंडानं सूर द्यायचा, असं ठरलं.

गणपती बसले. सगळी आळी त्या खोलीत कोंबलेली. मी पियानोला चिकटून. काकूंनी आरतीचं ताट सासूबाईंच्या हातात दिलं. पोरांनी सुरुवातीचा सूर दिला. सिंधुबाईंनी तो ऐकला, डोळे मिटले आणि त्याच्या कितीतरी वरून, थेट आपल्या आवाजात आरती उचलली.

पोरांची बोटं जागच्या जागी गोठली. टाळ्या चालू, झांजा चालू, पियानो गप्प. गोरक्षकाका गॅलरीतल्या दिवाणाकडं बघायला लागले.

"आजीच्या मागं जा," काकू पुटपुटल्या. त्यांचा डावा हात हवेत हलायला लागला. पुढे-मागे.

शुभांगीचाही हलला. मग तिनं एक पट्टी दाबली, चुकली. दुसरी, चुकली. तिसरी काळी लागली आणि थेट आजीच्या आवाजात जाऊन बसली! ओम तिच्या पाठोपाठ धावला. दोघांचे डावे हात आता असे चालले होते, की दोन अदृश्य पेट्या मांडल्यात. मुकी पट्टी आली, तेव्हा ओम एवढ्या जोरात "आऽऽ" ओरडला, की ताटातली ज्योत हलली आणि टाळ्यांमध्ये हसू फुटलं. सिंधुबाई हसल्या नाहीत. पुढचं कडवं त्यांनी आणखी वरून घेतलं. पोरं तिथंही गेली.

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या. डोळे पुसत होत्या, तेही उजव्या हातानं. डावा अजून कामात होता.

प्रसाद वाटून झाला. पियानोचं काय, हे विचारायची हिंमत कुणाला होईना. शेवटी काकूच म्हणाल्या, "आई, दिवाण आत घ्यायचा का?"

"कशाला? गॅलरीत गार वारा लागतो." सिंधुबाईंनी मोदकाचा तुकडा तोंडात टाकला. मग पोरांकडं वळल्या. "आन् उद्याच्याला भाता जरा जोरात मारा रं. शेवटाला आवाज लय कमी पडला."